एखादी परिसंस्था नीट काम करते आहे की नाही, हे शास्त्रज्ञ कसं मोजतात? प्रजातींची यादी करूनच ना?

नाही. यादीवरून तिथे कोण कोण राहतं एवढंच कळतं. ते करतात काय आणि किती वेगाने, ते कळत नाही. तासाला ऑक्सिजन किती तयार झाला, महिन्यात पालापाचोळा किती कुजला, वर्षभरात नायट्रोजन ओढ्यावाटे किती वाहून गेला, हे परिसंस्थेचं काम. एकदाच जाऊन बाटली भरून आणायची आणि ‘तलाव निरोगी’ असा शेरा मारायचा, याला मी मोजमाप म्हणतच नाही.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी आमच्या तालुक्याच्या गावचा तलाव घेतला होता. पाणी वाटलेल्या पालकासारखं हिरवं. नेमका तेव्हाच सुशोभीकरणाच्या फायलीत एका सल्लागाराचा रिपोर्ट लागला: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला १२ मिलिग्रॅम, ‘उत्तम’. अहो, २५ अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन मावतो साधारण ८. वरचा आला कुठून? शेवाळातून, भर उन्हात. दिवस मावळला की तेच शेवाळ आणि तळातले जिवाणू मिळून तो संपवायला लागतात. रिपोर्टमध्ये नमुना किती वाजता घेतला तेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मी रात्रभर दर तीन तासांनी नमुने घेतले. एकटीला सोडणार नाही म्हणून बाबा बॅटरी घेऊन काठावर बसले. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची पद्धत विंकलर या रसायनशास्त्रज्ञाची, १८८८ सालची, आजही चालते. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घातलं की ऑक्सिजनच्या मानाने तपकिरी गाळ धरतो. दुपारच्या बाटलीत तो गडद आला होता. पहाटेच्या बाटलीत गाळ जवळजवळ पांढरा! म्हणजे ऑक्सिजन नाहीच. टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून नेमका आकडा काढणं, नुसतं नोंदीपुरतं. ट्यूबवर बसून जाळं काढणारे एक भोईकाका ते बघून म्हणाले, “पोरी, मासा रोज पहाटं वर येऊन तोंड वासतो. त्याला बाटली कशाला लागती?”

आकडे घेऊन पालिकेत गेले, तर तिथले साहेब म्हणाले, “मॅडम, पाणी दिवसा एक आणि रात्री एक असतं होय?” केबिनमधले सगळे हसले. पुढे भाद्रपदात सलग ढग राहिले आणि एका सकाळी मासे पालथे पडलेले दिसले, तेव्हा कुणीतरी विष कालवल्याची बोंब उठली. विष कशाला लागतंय? दिवसाची कमाई घटली आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहिला, एवढं पुरतं.

तर साहेब, असतं. दिवसरात्रीच्या ऑक्सिजनच्या चढउतारावरून वाहत्या पाण्याचं उत्पादन (शेवाळ-वनस्पती किती ऑक्सिजन तयार करतात) आणि श्वसन (सगळे जीव मिळून तो किती संपवतात) काढायची रीत अमेरिकेतले परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी १९५६ मध्येच मांडली होती. साठलेल्या पाण्याला दुसरा जुना उपाय म्हणजे उजेडाची आणि अंधाराची बाटली. एकाच पाण्याने दोन्ही भरायच्या, एकीला काळा कागद गुंडाळायचा आणि दोन्ही तलावात टांगून ठेवायच्या. अंधाराच्या बाटलीत जेवढा ऑक्सिजन घटला ते श्वसन, उजेडाच्या बाटलीत जेवढा वाढला ते निव्वळ उत्पादन, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण उत्पादन. आमच्या तलावात चोवीस तासांचं श्वसन उत्पादनाच्या वर जात होतं. तलावात तयार होतं त्याहून जास्त कुजतंय, म्हणजे बाहेरून सांडपाणी येतंय याची ती खूणच.

जमिनीवर हेच जरा वेगळ्या सामानाने करतात. वाळवून वजन केलेली पानं जाळीच्या पिशवीत भरून जंगलात ठेवतात आणि काही महिन्यांनी परत वजन करतात. मातीवर डबा पालथा घालून कार्बन डायऑक्साइड मोजतात. उंच मनोऱ्यावर सेकंदाला दहा-वीस वेळा वारा आणि वायू नोंदून जंगल किती कार्बन डायऑक्साइड घेतं-सोडतं ते काढतात. मला सगळ्यात पटतो तो अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक या संशोधनासाठी राखलेल्या जंगलातला प्रयोग. १९६५ च्या हिवाळ्यात एका ओढ्याचं अख्खं पाणलोट क्षेत्र तोडलं, लाकूड तिथेच पडू दिलं आणि तणनाशक मारून नवं काही उगवू दिलं नाही. ओढ्यातलं नायट्रेट कितीतरी पटींनी वाढलं. जंगल काय धरून ठेवत होतं ते ओढ्याच्या पाण्यावरून कळलं.

तुमच्याकडेही तलावाचा ‘उत्तम’ रिपोर्ट असेल, तर माहिती अधिकारात एकच प्रश्न टाका: नमुना किती वाजता घेतला? उत्तरात वेळ नसेल, तर कुणी कितीही हसलं तरी तो रिपोर्ट मानू नका.

हो, एक राहिलं. बाटलीत कोंडलेलं शेवाळ मोकळ्या पाण्यातल्यासारखं वागेलच असं नाही, आणि उघड्या तलावात वाऱ्याने हवेतला ऑक्सिजन आतबाहेर होतो, त्याची दुरुस्ती हिशोबात धरावी लागते. हल्ली दर पंधरा मिनिटांनी नोंद ठेवणारे सेन्सर मिळतात, त्यामुळे रात्र जागावी लागत नाही. फक्त त्यांच्यावरही शेवाळ चढतं, ते पुसायला जावं लागतं. आणि प्रजातींची यादीही कराच, नाहीतर हे काम कोण करतंय ते कळायचं नाही.