बेंझोएट चारू नकोस

नागपूर, मे अखेर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज अगदी रडवेला होता. हिंगण्यातल्या गॅरेजमागच्या तेलकट मातीतून काढलेला तुझा जिवाणू मार्चपर्यंत पेट्रोलमधल्या टोल्युइनच्या वाफेवर छान वाढत होता, आता हलायलाच तयार नाही. मातीच चुकली, म्हणालीस. नाही गं. दोन महिने त्याला सोडियम बेंझोएटवर जगवलंस, तिथे घात झाला असणार.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मीही हेच केलं होतं. माझ्याकडे स्युडोमोनास पुटिडा एमटी-२ होता, मूळचा जपानच्या मातीतला. टोल्युइन पचवणारी त्याची जनुकं टीओएल या सुमारे ११७ किलोबेसच्या (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर असतात. त्यातला एक ओपेरॉन, म्हणजे एकत्र चालणाऱ्या जनुकांचा गट, टोल्युइनचं बेंझोएट करतो. दुसरा बेंझोएटचं कॅटेकॉल करून त्याचं वलय फोडतो. पण बेंझोएट पचवायची एक वाट गुणसूत्रावरही आहे आणि तिच्यावरून पेशी भराभर वाढतात. मग प्लाझ्मिडचं ओझं टाकून दिलेल्या पेशी पुढे निघतात, बाकीच्या मागे पडतात. मी मात्र रोज नव्या फ्लास्कमध्ये टाकत राहिले, वाढ जोरात दिसते म्हणून खुशीत.

एक दिवस प्लेटवर कॅटेकॉल फवारलं. कॅटेकॉल फोडणारं प्लाझ्मिडवरचं एक्सवायएल-ई जनुक शाबूत असेल तर मिनिटभरात कॉलनी हळदीसारखी पिवळी होते. माझ्या साऱ्या कॉलन्या पांढऱ्याच राहिल्या. ती प्लेट मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

डीएनए तपासायच्या जेलवर प्लाझ्मिड दिसलं तरी निश्चिंत होऊ नकोस. टीओएलमधून कधीकधी डीएनएच्या दोन सारख्या क्रमांमधला सुमारे ३९ किलोबेसचा तुकडाच निसटतो. प्लाझ्मिड जागेवर, पचवणारी जनुकं गायब. तुझ्या जिवाणूत नेमकं हेच प्लाझ्मिड असेल असं नाही, पण लक्षणं तीच आहेत.

आता मार्चमध्ये जिवाणू गोठवून ठेवलेली ग्लिसरॉलची वायल काढ. मिनिमल मीडियमवर, म्हणजे दुसरं खाद्य नसलेल्या नुसत्या क्षारांवर, मेटा-टोल्युएट दे, बेंझोएट नको. त्यातला मिथाइल गट गुणसूत्रावरच्या वाटेला झेपत नाही, म्हणून प्लाझ्मिड सांभाळणाऱ्यालाच जगता येतं. कॅटेकॉल ताजं कर, तपकिरी झालेलं फेकून दे. ते विषारी आहे. हातमोजे घालून, वाफ ओढून घेणाऱ्या हूडमध्येच फवार.

आणि प्लेटा साध्या इनक्युबेटरमध्ये ठेवू नकोस. त्याला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. आपल्या मे महिन्यात खोलीच चाळीसवर जाते, तिथे तो तीस अंश कुठून राखणार? थंडही करणाऱ्या बीओडी इनक्युबेटरमध्ये ठेव, आत थर्मामीटर ठेवून स्वतः बघ. वीज जाऊन आली की पुन्हा बघ.

वायल पूर्ण वितळू देऊ नकोस. बर्फावर धरून वरचं थोडंसं लूपने खरवडून घे आणि लगेच उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये परत ठेव. सोमवारी मी लॅबमध्ये आहे, प्लेट घेऊन ये.

तुझी,
मॅडम