हातावरचा १३ आणि लेकीची वही

फोंड्याहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या आईने पिशवीतून लेकीची वही काढून टेबलावर ठेवली. पानोपानी साप, १३ हा आकडा, तारखा, बाण. "मॅडम, हे सैतानी पंथाचं असतं म्हणे. सासूबाई तर म्हणतात, देवाला कौल लावूया." मुलगी अकरावीत, अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टची चाहती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

यातली बरीच चिन्हं त्या गायिकेने स्वतः पेरलेली आहेत, हे आईला आधी सांगावं लागलं. तिचा जन्म १३ डिसेंबर १९८९ चा. १३ हा ती आपला शुभ आकडा मानते, सुरुवातीच्या कार्यक्रमांत तो हातावर लिहून यायची. २००६ च्या पहिल्या अल्बमच्या पुस्तिकेत काही अक्षरं मुद्दाम मोठी छापली होती. ती जोडली की निरोप तयार व्हायचा. साप मात्र लोकांनी दिलेला. २०१६ मधल्या एका वादात तिच्या पोस्टखाली सापाचे इमोजी टाकून तिला हिणवलं गेलं, आणि २०१७ मध्ये तिने तोच साप आपल्या प्रतिमेत मिरवला. चिडवणाऱ्यांच्या हातचं हत्यार काढून घेण्याचा हा प्रकार. सैतानाचा त्यात काही संबंध नाही.

मुलीशी एकटीशी बोलताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता: "हे निरोप कोणासाठी असतात?" ती हसली, "आम्हां सगळ्या फॅन्ससाठी. मला कुठे ओळखते ती!" या उत्तराने मोठी शंका मिटली. "फक्त माझ्यासाठी" असं उत्तर आलं असतं, किंवा सोबत आवाज ऐकू येणं, घरच्यांवर संशय, माणसं टाळणं दिसलं असतं, तर त्याच आठवड्यात बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवायला सांगितलं असतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही अशा वेळी जवळ असावा.

तिची खरी अडचण दुसरीच होती. नवा अल्बम कधी येणार याच्या तिने या खुणांवरून भाकीत केलेल्या तारखा चुकत, मग ती दिवसभर रडवेली असे. म्हणून तिला एक प्रयोग दिला. एकच व्हिडिओ घ्यायचा, काय मोजायचं ते आधी लिहायचं (पायऱ्या, फुलं, सेकंद, अक्षरं), मग दहा मिनिटं १३ शोधायचा आणि पुढची दहा मिनिटं त्याच नियमांनी ११. तिला १३ चार वेळा सापडला, ११ पाच वेळा. मोजायच्या गोष्टी भरपूर असल्या की कुठलाही आकडा हाती लागतो, हे तिचं तिलाच उमगलं. वहीत मग दोन रकाने आले: "तिने स्वतः सांगितलेलं" आणि "आमचा अंदाज".

झोपेचंही बघावं लागलं. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, त्यामुळे पोस्टची वाट बघत ती अडीचपर्यंत जागायची. पण टेलरचे अल्बम बहुधा न्यूयॉर्कच्या मध्यरात्री येतात. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. जागरणाचं कारणच उरलं नाही. रात्री साडेदहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, असं तिनेच ठरवलं.

आईला एकच काम दिलं होतं. वही न विचारता उचलली होती, ती लेकीच्या हातात परत द्यायची आणि तसं कबूल करायचं. पुढच्या भेटीत आईने सांगितलं, लेक दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आजीशेजारी बसली आणि तिला सापाची गोष्ट सांगत होती.