कपाशीला विचारून तारीख ठरव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

गावोगावच्या व्यसनमुक्तीच्या आणि मनावरच्या ताणाच्या कामाचं तुझं वर्षाचं वेळापत्रक वाचलं. जूनमध्ये मेळावे, ऑक्टोबरात प्रभातफेऱ्या, मार्चअखेर अहवाल. ऑफिसात बसून केलंय, लगेच कळतं. जूनमध्ये माणूस कपाशी लावतोय, ऑक्टोबरात वेचणीला मजूर शोधतोय. मेळाव्याला येणार कोण? सरपंच आणि त्याच्यासोबतचे चार जण.

आपल्याकडे ताणालाही हंगाम असतो. पेरणी झाली आणि पावसाने दडी मारली, तो एक. बोंडं फुटायच्या आत अळी निघाली, तो दुसरा. २०१७ ची गुलाबी बोंडअळी लोक अजून विसरले नाहीत. तिसरा ३१ मार्चचा. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज त्या तारखेच्या आत भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते, म्हणून माणूस सावकाराकडून उचलतो आणि सोसायटीत भरतो. त्या आठवड्यात पारावर रोज बसणारा कोणी दिसेनासा झाला, तर त्याच दिवशी त्याच्या घरी जा. दारू पिण्याचं गणित मात्र निराळं. कापूस विकून पैसा हातात आला की ते वाढतं, असा माझा अनुभव.

आणि आखाजी, म्हणजे आपली खान्देशातली अक्षय्य तृतीया. ती तुझ्या कागदावर नाहीच! आखाजीला गावोगाव पत्त्यांचे डाव रंगतात, बाटल्याही येतात, सण म्हणून कोणी बोलत नाही. पण त्याच दिवसांत लेकी माहेरी आलेल्या असतात. निंबाला झोका बांधलेला, खाली चार जणी गाणी म्हणत बसलेल्या. अशाच एका झोक्याखाली एकीने बांगडी मागे सारून मनगटावरचा वळ दाखवला होता, आमच्या सहकारी ताईला. सासरी तिने तो कधीच दाखवला नसता. तिथे रजिस्टर काढू नकोस. बस, झोका दे, ऐक. परत जाताना तिच्या सासरच्या गावातल्या आशाताईचा, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीचा, नंबर तिच्याकडे असला पाहिजे, एवढं बघ.

'व्यसनमुक्ती'चा फलक लावलास की त्या खोलीकडे कोणी फिरकणार नाही. आत गेलेला माणूस गावभर 'बेवडा' ठरतो. मी ओट्यावर बसून एवढंच विचारायचो, "भाऊ, रातले झोप लागस का?" किती पितोस, असं विचारलं की माणूस खोटं बोलतो. झोपेचं विचारलं की कर्ज, पोरीचं लग्न, विहिरीचं पाणी, सगळं निघतं, आणि शेवटी बाटलीही. सातपुड्यातल्या पाड्यांवर आणखी जपून बोल. तिथे मोहाची दारू देवालाही वाहतात. तिला नावं ठेवलीस की दारं बंद.

आता माझी चूक. सुरुवातीच्या वर्षांत मी एका रोज पिणाऱ्याला भर सभेत नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. दुसऱ्या रात्री तो थरथरू लागला, भिंतीवर साप दिसतात म्हणाला, पहाटे फिट आली. घरचे भगताकडे निघाले होते. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारू एकदम बंद केली की उलटतं, जिवावरही बेततं. अशाने दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची. म्हणून शपथेचा कार्यक्रम वेळापत्रकातून काढून टाक. फोटोला चांगला दिसतो, हे खरं.

आणखी एक. 'मरून जावं असं मनात येतं का?' हे सरळ विचारायला शिक. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात. फोन तूच लावून दे. आणि घरात नजर फिरव. फवारणीचं औषध आपल्याकडे खाटेखाली, नाहीतर ज्वारीच्या कोठीमागे ठेवलेलं असतं. रागाच्या किंवा नशेच्या भरात हात पहिला तिथेच जातो. तो भर बहुधा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्यात डबा हाती लागला नाही तर माणूस वाचतो. पत्र्याची पेटी, कुलूप, किल्ली दुसऱ्याकडे. माझ्या मते तुझ्या बजेटमधला निम्मा पैसा बॅनरवरून काढून पेट्यांवर घालावा.

आखाजीच्या आधी एकदा ये. अमळनेरला एक पत्रेवाला माझ्या ओळखीचा आहे, दहा पेट्या एकदम घेतल्या तर भाव कमी करतो. येताना ते वेळापत्रक आण, आणि पेन्सिल.

तुझा,
आप्पा