वाचकांचे प्रश्न : तीन बाटल्या आणि दोन कॉलम

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याच आवारातील वरिष्ठ महाविद्यालयात गॅस क्रोमॅटोग्राफीचे (द्रवाची वाफ करून, ती वायूच्या झोतात नळीतून नेऊन त्यातले पदार्थ वेगळे करण्याचे) एक जुने यंत्र आहे आणि विभागप्रमुखांनी दोन शनिवार ते वापरू देण्याचे कबूल केले आहे. गेल्या वर्षी मी बारावीच्या मुलांना पाच ओळखीचे द्रव आणि एक अज्ञात द्रव दिला होता. सर्वांनी वेळ जुळवून दहा मिनिटांत नाव सांगितले आणि वह्या मिटल्या. त्यांच्या पदरात काही पडले असे मला वाटले नाही. प्रयोगात काय बदल करावा?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मुलांनी जे केले ते वेळापत्रक पाहून गाडीचे नाव सांगण्यासारखे होते. त्याच वेळेला दुसरी गाडीही फलाटाला लागू शकते, हे त्यांना कळण्याची सोय प्रयोगातच नव्हती. इंजेक्शन दिल्यापासून पदार्थ डिटेक्टरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, म्हणजे रिटेन्शन टाइम, हा पदार्थाचा उपजत गुण नसून पदार्थ, कॉलम (म्हणजे आत पदार्थांना कमी-अधिक अडवणारा थर असलेली नळी), तापमान आणि पदार्थाला वाहून नेणाऱ्या वाहक वायूचा वेग या चौघांवर मिळून तो ठरतो. त्यामुळे वेळ जुळली नाही तर ‘हा पदार्थ तो नव्हे’ असे ठामपणे म्हणता येते. वेळ जुळली तर मात्र ‘तो असू शकेल’ एवढेच. या दोन वाक्यांच्या वजनातला फरक मुलांना स्वतःच्या हाताने जाणवावा, यासाठी प्रयोगात त्यांची फसगत होईल अशी एक जागा मुद्दाम ठेवावी लागते.

मी सुचवीन ते असे. इथेनॉल, आयसोप्रोपेनॉल आणि ॲसिटोन हे तीनच ओळखीचे द्रव घ्या. पहिले दोन हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरमुळे आणि तिसरे नेलपॉलिश काढण्याच्या द्रवामुळे मुलांच्या परिचयाचे असतात. यंत्रासोबत सिलिकोनचा अध्रुवीय आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे ‘कार्बोवॅक्स’चा, ध्रुवीय (ज्याच्या रेणूत विद्युतभार विषम वाटलेला असतो असा) असे दोन कॉलम आहेत का ते विभागप्रमुखांना विचारा, जुन्या यंत्राच्या खणात हे दोन हमखास सापडतात. मग अज्ञात द्रवाच्या तीन बाटल्या तयार करा. पहिलीत नुसते आयसोप्रोपेनॉल, दुसरीत आयसोप्रोपेनॉलमध्ये सुमारे दहावा हिस्सा ॲसिटोन, आणि तिसरीत इथेनॉल व आयसोप्रोपेनॉल निम्मे-निम्मे. बाटल्यांवर फक्त अ, ब, क एवढेच लिहा.

यंत्राला हात लावण्यापूर्वी मुलांकडून एक अंदाज लिहून घ्या. ॲसिटोन 56 अंश सेल्सिअसला उकळते, इथेनॉल 78 ला आणि आयसोप्रोपेनॉल 82 ला. तर सिलिकोनच्या कॉलममधून कोण आधी बाहेर पडेल? जवळजवळ प्रत्येक वहीत ‘ॲसिटोन’ लिहिलेले आढळेल. प्रत्यक्षात इथेनॉल आधी येते. हा धक्का बसला की शिकवायला खरी सुरुवात करता येते. इथेनॉलचा उत्कलनबिंदू चढा असतो तो त्याचे रेणू आपापसांत हायड्रोजन बंधांनी धरलेले असतात म्हणून. पण वाहक वायूच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, झोतात विरळ पसरलेल्या रेणूला शेजारी सोबती नसतो, आणि सिलिकोनच्या थराला त्याच्या हायड्रॉक्सिल (OH) गटात फारसे स्वारस्य नसते, त्यामुळे त्याला अडवणारे कोणीच उरत नाही. कार्बोवॅक्सवर हाच क्रम पालटतो. तेथे थरातले ऑक्सिजनचे अणू हायड्रॉक्सिल गटाला धरून ठेवतात, अल्कोहोले रेंगाळतात आणि ॲसिटोन पुढे निघून जाते. अकरावीत आंतररेण्वीय बलांवर जे दोन तास व्याख्यान होते, ते येथे चार मिनिटांत कागदावर उमटते.

आता फसगतीकडे वळू. सिलिकोनच्या साध्या भरलेल्या कॉलमवर आयसोप्रोपेनॉल आणि ॲसिटोन इतके खेटून येतात की आलेखावर ‘ब’ बाटलीचे एकच शिखर (पदार्थ डिटेक्टरपाशी पोहोचताच रेषेला येणारा उंचवटा) दिसते, फार तर त्याला एक खांदा फुटतो. कार्बोवॅक्सवर इथेनॉल आणि आयसोप्रोपेनॉल तसेच खेटतात, म्हणून तेथे ‘क’ बाटली एकाच पदार्थाची वाटते. पहिल्या शनिवारी अर्ध्या वर्गाला एक कॉलम आणि उरलेल्या अर्ध्या वर्गाला दुसरा द्या, प्रत्येक गटाकडून निष्कर्ष सही करून घ्या, आणि मगच दोन्ही गटांचे कागद शेजारी-शेजारी लावा. दोन्ही गट प्रामाणिक, दोन्हींची मोजणी बरोबर, आणि तरीही दोन उत्तरे: त्या वेळी वर्गात जो वाद होतो, तोच हा प्रयोग आहे. काही मुले ‘ब’ बाटलीचा वास घेऊन ‘ॲसिटोन’ म्हणतील. ती पूर्णपणे चुकलेली नसतात, म्हणून त्यांना लगेच गप्प करू नका. (हुंगायचे झाल्यास बाटलीवरून हाताने वारा घालूनच, हे सांगायला नको.)

दुसऱ्या शनिवारी भर घालण्याची पद्धत शिकवा. ज्या ओळखीच्या द्रवाचा संशय आहे त्याचा थोडासा अंश अज्ञातात मिसळायचा आणि पुन्हा इंजेक्शन द्यायचे. शिखर आहे तसेच सडपातळ राहून उंच झाले तर संशयाला बळ मिळते. ते रुंदावले किंवा त्याचे दोन भाग झाले तर तो पदार्थ वेगळा. दोन स्वतंत्र इंजेक्शनांच्या वेळा घड्याळाच्या भरवशावर जुळवण्यापेक्षा हा पुरावा भक्कम असतो, कारण दोन्ही पदार्थ एकाच वेळी, एकाच तापमानातून, एकाच वाटेने गेलेले असतात.

हाताच्या कसबाबद्दलही थोडे लिहितो, कारण पुस्तकात ते सापडत नाही. मायक्रोलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या केसासारखा बारीक असतो आणि पहिल्या तासाला एक तरी वाकतोच. तो अंगठ्याने रेटायचा नसतो, त्याच्या रेषेत सरळ दाबायचा असतो. द्रव चार-पाच वेळा ओढून सोडला की आतला हवेचा बुडबुडा जातो. सुई रबरी सेप्टममधून, म्हणजे इंजेक्टरच्या तोंडावरच्या रबरी चकतीतून, सरळ आत घालायची, दाबायची आणि लगेच काढायची. अर्ध्यावर घुटमळले की शिखराला लांब शेपटी येते. एकच द्रव तीन मुलांनी तीनदा टोचून पाहू द्या. तिन्ही वेळांमध्ये जो थोडा फरक पडेल, तीच त्यांची ‘जुळणे’ या शब्दाची मर्यादा. दोन शिखरांमधले अंतर त्याहून कमी असेल तर ती वेगळी आहेत असे म्हणण्याचा त्यांना अधिकार नाही. डिटेक्टरची हायड्रोजनची ज्योत आपण स्वतः किंवा प्रयोगशाळा सहायकाने पेटवावी. ज्योत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून डिटेक्टरच्या तोंडावर चकचकीत पाना क्षणभर धरावा. त्यावर वाफ धरली की ज्योत पेटली आहे असे समजावे. हे मुलांना आवर्जून दाखवा, त्यांना ते फार आवडते.

बाजारातले जेल सॅनिटायझर तपासायचा मोह मुलांना होईल, पण ते थेट टोचू नये, कारण त्यातले ग्लिसरीन आणि जेल बनवणारे बहुवारिक (पॉलिमर) उडून जात नाहीत आणि इंजेक्टरमध्ये किटण धरते. बुच लावलेल्या कुपीत थोडे जेल घेऊन ती कोमट पाण्यात ठेवावी आणि वर जमलेली वाफ वायूच्या सिरिंजने ओढून टोचावी. आणि शिक्षिका म्हणून आपल्याला एक कळकळीची विनंती: तिन्ही बाटल्या आदल्या दिवशी स्वतः चालवून पाहा. कॉलम जुना झाला की त्याचा स्वभाव बदलतो, आणि जी शिखरे एकमेकांत मिसळायला हवीत ती नेमकी त्याच दिवशी वेगळी झाली तर सगळा बेत फसतो.

जाता जाता, आपल्या भागातल्या मुलांना ‘दोन मिनिटांनी पीक येते’ असे सांगितले की हशा पिकतो. मी ‘शिखर’ असे लिहिले असले तरी प्रयोगशाळेत सगळे ‘पीक’च म्हणतात, म्हणू द्यावे.

प्रश्न : दूरदर्शन मालिकांमध्ये तपास अधिकारी नमुना यंत्रात घालतात आणि पडद्यावर लगेच पदार्थाचे नाव येते. मी बारावीत आहे. खरोखर असे होते का?

उत्तर : नाव येते, पण ते गॅस क्रोमॅटोग्राफ सांगत नाही. त्याच्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असतो; तो प्रत्येक शिखरातल्या रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांचे तुकडे करतो, तुकड्यांच्या वस्तुमानाचा नकाशा काढतो आणि संगणक तो नकाशा साठवलेल्या हजारो नकाशांशी ताडून पाहतो. हे ताडून पाहणेही निर्दोष नसते. ऑर्थो, मेटा आणि पॅरा झायलीन या एकाच रेणुसूत्राच्या तीन पदार्थांचे नकाशे जवळजवळ सारखेच असतात. त्यांतले ऑर्थो नेहमीच्या अध्रुवीय कॉलमवर उशिरा येते म्हणून वेगळे काढता येते. मेटा आणि पॅरा मात्र तेथे एकत्रच येतात, तेव्हा संगणकाने ‘पॅरा’ छापले तरी अनुभवी विश्लेषक अहवालात ‘मेटा किंवा पॅरा’ असेच लिहितो.

न्यायालयात जाणाऱ्या तपासणीत सावधगिरी आणखी वाढते. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे गुन्हा आहे. ते गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजताना रक्त बंद कुपीत गरम करून वरची वाफ घेतात, तुलनेसाठी त्यात मोजून प्रोपेनॉल घातलेले असते, आणि प्रचलित पद्धतीत एकच नमुना दोन निराळ्या कॉलमवर तपासतात. दोन कॉलम कशासाठी, ते वरच्या उत्तरात आलेच आहे.

प्रश्न : ‘क्रोमा’ म्हणजे रंग, मग रंगहीन वायूंच्या पद्धतीला हे नाव का?

उत्तर : नाव वारशाने आले. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी पानांतली हिरवी-पिवळी रंगद्रव्ये खडूच्या भुकटीच्या नळीतून वेगळी केली आणि 1906 मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजे रंग, तेव्हा नाव ठेवताना त्यांनी स्वतःची सहीही करून ठेवली असा संशय घ्यायला जागा आहे! आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी 1941 मध्ये असे सुचवले की द्रवाऐवजी वायू वाहता ठेवला तरी चालेल. ते बराच काळ कोणी मनावर घेतले नाही. शेवटी मार्टिन यांनीच अँथनी जेम्स यांच्यासह 1952 मध्ये लंडनला मेदाम्ले अशा रीतीने वेगळी करून दाखवली. त्यांच्याकडे ज्योतीचा डिटेक्टर नव्हता. कॉलममधून बाहेर पडणारे आम्ल स्वयंचलित ब्युरेटने मोजले जाई, त्यामुळे त्यांच्या आलेखावर शिखरांऐवजी जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आसपास असे यंत्र कोठेच नाही. कपडे धुण्याची पावडर काचेच्या नळीत भरून आणि स्वयंपाकाचा गॅस वाहक म्हणून वापरून घरगुती गॅस क्रोमॅटोग्राफ करता येतो असे वाचले. करावा का?

उत्तर : तसा करता येतो, पण मुलांसाठी करू नये. त्यात क्लोरीनयुक्त द्रव टोचून जळत्या गॅसमध्ये धरलेल्या तांब्याच्या तारेवर हिरवी ज्योत पाहायची असते; म्हणजे विषारी धूर आणि उघडा गॅस दोन्ही एकाच टेबलावर. परदेशातील काही शाळांमध्ये खोलीतली हवाच वाहक म्हणून वापरणारी लहान यंत्रे वापरली जातात, पण त्यांची किंमत आपल्या शाळांना झेपणारी नाही.

त्यापेक्षा छापील आकड्यांवर काम करवून घ्या. सिलिकोनच्या कॉलमवर, कॉलममध्ये मुळीच न अडणाऱ्या वायूला लागणारी वेळ वजा केल्यावर, हेक्झेन 1.00 मिनिटाला, हेप्टेन 2.00 मिनिटांना आणि अज्ञात पदार्थ 1.41 मिनिटांना आला असे समजा. कोव्हाट्स निर्देशांकाच्या पद्धतीत हेक्झेनला 600 आणि हेप्टेनला 700 हे आकडे ठरवून दिलेले आहेत आणि मधली जागा वेळेच्या लॉगॅरिदमने वाटली जाते. 1.41 चा लॉग 0.149 आणि 2 चा 0.301, म्हणजे अज्ञाताचा निर्देशांक सुमारे 650. मग मुलांना दोन उमेदवार द्या: बेंझीन आणि 1-ब्युटेनॉल. बेंझीन 80 अंशाला उकळते, 1-ब्युटेनॉल 118 ला, आणि तरीही सिलिकोनवर दोघांचे निर्देशांक 650 च्याच आसपास येतात. कार्बोवॅक्सवर बेंझीन साधारण 950 ला, तर ब्युटेनॉल 1150 च्या जवळ जाते. बेंझीन कर्करोगकारक असल्यामुळे शाळेत आणू नये. कागदावर मात्र त्याचा काहीच त्रास नाही. पहिल्या तासाला फक्त 650 हा आकडा द्या, आणि दुसऱ्या कॉलमचा आकडा कोणी आपणहून मागेपर्यंत देऊ नका.