जाड पॅड टाकलं की सॅडल बसेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझा घोडा नऊ वर्षांचा आहे, अंगाने रुंद, पाठ एकदम सपाट आणि विदर्स (मानेच्या मुळाशी खांद्यांवरचा उंचवटा) तर जवळजवळ नाहीतच म्हणा. त्याच्यासाठी सेकंडहँड ड्रेसाज सॅडल (घोड्याच्या कवायती चालींच्या रायडिंगचं खोगीर) घेतलं, सीट साडेसतरा इंची, मला बसायला मस्त आहे. पण ट्रॉटला (दुडक्या चालीत) मागची बाजू उडते आणि राइड संपेपर्यंत अख्खं सॅडल पुढे खांद्यावर येऊन बसतं. हल्ली तंग (सॅडल धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा) आवळताना तो कान पाडतो, चावायलाही येतो. एक जण म्हणतो गलेट प्लेट (सॅडलच्या पुढच्या कमानीतली पट्टी) बदल, मैत्रीण म्हणते जाड जेल पॅड टाक. काय करू?

उत्तर: जेल पॅड आत्ता बाजूलाच ठेवा. सॅडल पुढून जरा जरी आवळत असेल तर खाली जाड पॅड घालणं म्हणजे टाइट बुटात जाड मोजे घालण्यातला प्रकार, अजूनच आवळणार. गलेट प्लेटचं म्हणाल तर तिने फक्त पुढच्या कमानीची रुंदी बदलते, ट्री म्हणजे आतला सांगाडा लांबीत जेवढा वाकलेला आहे तेवढा वाकलेलाच राहतो, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून मला घोटाळा तिथेच वाटतोय.

घरच्या घरी बघता येतं. पॅड नाही, तंग नाही, नुसतं सॅडल उघड्या पाठीवर थोडं पुढे ठेवायचं आणि मागे सरकवत आणायचं, जिथे आपोआप थांबेल तिथे सोडायचं. मग एक हात पुढच्या कमानीवर, एक मागच्या, आणि आळीपाळीने दाबायचं. चांगलं डुगडुगलं तर समजा पॅनेल, म्हणजे खालच्या दोन गाद्या, मधोमध टेकतायत आणि टोकं अधांतरी आहेत. सपाट पाठीवर वाकदार ट्री ठेवला की हेच होतं, वर ड्रेसाजमध्ये बसून ट्रॉट करायचा म्हणजे तुमचं सगळं वजन त्याच एका जागेवर. उलटा प्रकारही असतो, पाठ खोलगट आणि ट्री सरळ, मग पुढे-मागे टेकतं आणि मध्ये पोकळी राहते, त्याला ब्रिजिंग म्हणतात आणि ते डुगडुगत नसल्यामुळे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही, गादीखाली तळहात सपाट घालून पुढून मागे सरकवत नेलं तरच मध्ये हात सैल पडतो ते कळतं. किरकोळ फरक असेल तर गाद्यांमधली लोकर कमी-जास्त करून जमतं, ट्रीच चुकीचा असेल तर कितीही भरा, ती नुसती खोगीरभरती.

पुढच्या कमानीचं बोलायचं तर रुंदीच्या आकड्यापेक्षा आकार बघा. गोल, रुंद घोड्याला वरून चपटी, U सारखी कमान लागते, त्याला हूप ट्री म्हणतात. V सारखी कमान कितीही उघडली तरी त्याच्या अंगावर नीट बसत नाही. आणि लेबलवरच्या ‘मीडियम वाइड’वर जाऊ नका, एका कंपनीचं मीडियम वाइड दुसऱ्या कंपनीच्या मापाशी जुळेलच असं नाही.

सॅडल पुढे येतंय त्यात तंगाचाही हात असू शकतो. तंग ओढून ओढून कोपराच्या मागच्या अरुंद खाचेतच जाऊन बसतो, आणि तुमच्या घोड्याची ती खाच पुढे असेल तर तंग ज्यांना अडकवतो ते सॅडलचे पट्टे तिरके होऊन सॅडलला सोबत ओढत नेतात. तंग बांधल्यावर बाजूने बघा, पट्टे सरळ खाली पडतायत का पुढे झुकतायत. झुकत असतील तर खाचेपाशी वळण दिलेला तंग वापरून बघा, पट्ट्यांची जागाही काही सॅडलना बदलून मिळते. ड्रेसाजचा तंग आखूड असल्याने बकल खाली येतात, ती कोपराला घासत नाहीत ना तेही तेव्हाच बघून घ्या.

आता ते साडेसतरा इंच. ते माप तुमच्या बैठकीचं आहे, घोड्याला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही! शेवटची बरगडी बोटांनी चाचपत वर कण्यापर्यंत जा (साधारण अठरावी असते), तिच्या मागे पॅनेलचं वजन पडता कामा नये, कारण तिथे कमरेला खालून बरगड्यांचा आधार नसतो. पाठ आखूड निघाली तर सीट तीच ठेवून आखूड, मागून वर उचललेलं पॅनेल बघा.

आणि हो, कान पाडणं, चावणं हे पोटात अल्सर असला तरी होतं. सॅडल बदलण्याआधी एकदा व्हेटला पाठ आणि पोट दोन्ही दाखवा.

प्रश्न: माझ्या घोडीच्या विदर्सच्या मागे दोन्ही बाजूंना खड्डे पडलेत आणि डावा खांदा उजव्यापेक्षा भरलेला आहे. नवीन सॅडल आत्ताच्या मापाने घेऊ का?

उत्तर: खड्ड्याच्या मापाने अजिबात नको. ते खड्डे बऱ्याचदा आधीच्या अरुंद सॅडलनेच पाडलेले असतात, स्नायू दबून दबून वाळतो. त्या मापाचं घेतलंत तर स्नायू परत यायला जागाच उरणार नाही. कमान भरलेल्या डाव्या खांद्याच्या हिशोबाने घ्या आणि रिकाम्या जागी शिम पॅडचे (पातळ तुकडे घालता-काढता येणाऱ्या पॅडचे) तुकडे घाला, उजवीकडे थोडे जास्त. घोडी भरत गेली की एकेक काढत जायचं.

त्यासाठी माप घेऊन ठेवा. घोडी सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभी, मान सरळ, आणि वाकवता येणारी पट्टी खांद्याच्या फऱ्यामागे दोन बोटं सोडून पाठीवर दाबायची, तो आकार कागदावर उतरवायचा. तसंच मध्ये आणि शेवटच्या बरगडीपाशी, शिवाय कण्यालगत एक लांबीतला, तारीख टाकून. दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा. राइडनंतर घामात कोरडा डाग दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नका, जास्त दाबानेही तो पडतो आणि सॅडल टेकतच नसलं तरीही, गादीखाली हात घालूनच ठरवा. आणि पांढरे केस उगवले असतील तर ते जुन्या दुखापतीचे असतात, त्यावरून आजचं सॅडल चुकीचं ठरवू नका.