नवा फिल्टर टाकूनही ऑइल फिल्टर हाउसिंगखाली तेल दिसतंय. अख्खं हाउसिंग बदलावं का?

हाउसिंगला, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो त्या डब्याला, तडा गेला नसेल किंवा बसण्याची बाजू वाकली नसेल, तर बदलायची गरज नाही. बहुतेक वेळा दोष रबराचा असतो. काडतूस पद्धतीच्या फिल्टरला (फक्त आतला कागदी भाग बदलायचा असतो तो) झाकणावर एक ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी असते आणि हाउसिंग इंजिन ब्लॉकला जिथे बसतं तिथे वेगळं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारं रबर. फिल्टरबरोबर ओ-रिंग नवी येते, गॅस्केटला मात्र कुणी हात लावत नाही. वर्षानुवर्षं तापून ते कडक होतं, चपटं होतं आणि पाझरायला लागतं.

आधी तो भाग स्वच्छ पुसून इंजिन थोडं चालवा आणि टॉर्च मारून बघा. तेल खाली ओघळतं, म्हणून सर्वांत वरची ओली जागा शोधा. झाकणाच्या कडेला ओल असेल तर ओ-रिंग तिच्याच खाचेत बसली आहे का, जुनी रिंग आत चिकटून राहिली नाही ना, हे तपासा. नव्या रिंगला ताजं तेल लावा. किती आवळायचं ते बऱ्याच झाकणांवरच कोरलेलं असतं, अनेकदा २५ न्यूटन-मीटर. प्लास्टिकचं झाकण जास्त आवळलं की तडकतं.

ओल ब्लॉकच्या सांध्यावर असेल तर हाउसिंग उतरवावं लागेल. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ऑइल कूलर (तेल थंड करणारा भाग) हाउसिंगलाच जोडलेला असेल तर कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं द्रव) काढून घ्या, कारण काही इंजिनांत तेल आणि कूलंट दोन्ही त्याच सांध्यातून जातात. (कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसत असेल तर आधी संशय इथलाच घ्या, हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या गॅस्केटचा) नंतर.)

खरं काम सफाईचं आहे, आणि घाई होते ती नेमकी तिथेच. तेलाच्या वाटा स्वच्छ कापडाने बंद करा, प्लास्टिकच्या पट्टीने जुनं रबर खरवडा. पॉलिश पेपर किंवा घासणी अजिबात नको. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पडतातच, शिवाय त्यातले कण तेलातून थेट बेअरिंगपर्यंत पोचतात. नव्या रबरी गॅस्केटवर सिलिकॉनही फासू नका. कंपनीने सांगितलं असेल तरच लावा. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळा. अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले की दुरुस्ती बरीच वाढते.

तेल, कूलंट भरून इंजिन सुरू करा. तेलदाबाचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. गाडी गरम झाल्यावर सांधा पुन्हा पाहा आणि इंजिन बंद करून तेल खाली उतरल्यावर पातळी मोजा.

बेल्टवर तेल पडलं असेल तर तो पुसून चालवू नका, बदलाच. तेलाने रबर फुगतं, बेल्ट घसरतो, आणि तुटून पुलीत गुंतला तर इंजिनचंही नुकसान होऊ शकतं.