आधी पेशंटला विचार, मग रोबोटच्या कन्सोलवर बस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॅन्सरसाठी प्रोस्टेट काढायचीय, एमआरआयमध्ये उजवीकडची गाठ प्रोस्टेटच्या कडेला टेकलीय, पेशंट म्हणतो लिंगाला ताठरता देणाऱ्या दोन्हीकडच्या नसा वाचवा, आणि तू विचारतेस रोबोटने कितपत जमेल. अगं, पण आज त्याची ताठरता कशी आहे, हे कुठे लिहिलंयस? "साठीच्या काकांना कसं विचारू, सर?" काका म्हणणं आधी सोड. तू त्यांची पुतणी नाहीस, सर्जन आहेस.

विचारायचं. बायको बिलाच्या काउंटरवर गेली की दार लावून विचारायचं. संबंध होतात का, ताठरता टिकते का, गोळी लागते का.

माझा एक पेशंट होता, निवृत्त कंडक्टर. त्याच्या दोन्ही बाजूंच्या नसा मी जीव ओतून वाचवल्या. दीड वर्षाने एकटाच आला, फाइल पिशवीत गुंडाळलेली. "साहेब, नसा वाचल्या म्हणाला होतात ना?" मग कळलं, मधुमेहाने ऑपरेशनच्या पाच वर्षं आधीच सगळं थांबलं होतं. नसा वाचवल्या की ते परत येतं, असं तो धरून बसला होता. मी विचारलंच नव्हतं. ओपीडीत शंभर माणसं असायची, एकाला चार मिनिटं. ती ओपीडी ज्याने केली नाही त्याने मला बोलू नये. पण पाचवं मिनिट काढता आलं असतं.

1981 साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये डोंकर आणि वॉल्श या मूत्ररोग सर्जननी मृत जन्मलेल्या बाळाच्या शवात या नसांची वाट शोधली. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी बाल्टिमोरला त्या मुद्दाम राखून प्रोस्टेट काढली. तेव्हा रोबोट कुठे होता? ब्रिस्बेनच्या चाचणीचे निकाल 2016 साली आले. बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता, दोन्ही बाबतींत उघडी शस्त्रक्रिया आणि रोबोट यांत फरक निघाला नाही. कन्सोलवर दहापट मोठं दिसतं, हे खरंच सुंदर आहे. पण तुझ्या मशीनवर नस ताणली जातेय हे बोटांना कळत नाही, ते डोळ्यांनीच ओळखावं लागतं. नसांच्या जुडग्याजवळ कॉटरी, म्हणजे विजेने जाळणं, नको. क्लिप लाव, थंड कात्रीने काप. उष्णतेने नस दिसायला शाबूत राहते आणि आतून मरते.

हे हात शिकतील. विचारायला कोण शिकवणार? ताठरता चांगली असेल आणि त्याला ती हवी असेल, तर डावी बाजू पूर्ण राख. उजवीकडे कॅन्सर मागे ठेवून नस वाचवायची नाही, आणि हे त्याला आधी सांगायचं. एका बाजूने आशा कमी होते, संपत नाही. सुधारायला दोन वर्षंही लागतात, तेही सांग. आणि ताठरता आधीच गेली असेल, तर उजवीकडे जीव कशाला टांगतेस?

गुरुवारी ऑपरेशनची लिस्ट आहे ना? मग बुधवारी संध्याकाळी वॉर्डात जा, खुर्ची ओढून बस, विचार. तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिही आणि मला फोन कर. उजव्या बाजूचं तेव्हा बोलू.

तुझा,
सर